बाईंचा आकडा

“सोड ना रे बाबा. दोन थेंब पाण्यासाठी किती जीव खाशील माणसाचा?”

माझ्या पाठीशी, हातभर अंतरावर, मंजिरी धांडे काचेच्या चंबूशी कुरकुरत होती. मी बेसिनमध्ये ब्युरेट धूत होते. वळले नाही. चंबूशी बोलणारी माणसं त्या प्रयोगशाळेत मी बरीच पाहिली होती. त्यांच्याकडे वळून पाहिलं की ती लाजतात, आणि मग दिवसभर चंबूऐवजी आपल्याशी बोलत बसतात.

“ताई, ऐकून राहिल्या ना तुम्ही?”

“नाही.”

“मग बरं. हा ऐकत नाही, तुम्ही ऐकत नाही.”

मे महिना होता, वऱ्हाडातला. नळाचं पाणी इतकं तापलेलं की त्यात चहा टाकला असता तर रंग उतरला असता. कंडेन्सरला तसलं पाणी चालत नाही, म्हणून मंजिरीनं घरच्या कूलरचा पंप काढून आणला होता. प्लॅस्टिकच्या बादलीत कँटीनचा बर्फ, बर्फात पंप, पंपाची नळी कंडेन्सरला. दर अर्ध्या तासानं शिपाई गुलाबराव बादलीत डोकावून म्हणायचे, “तिकडे तुह्या घरी माय घामानं निथळून राहिली असन, अन् इथं काचेले थंडी वाजून राहिली.”

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. तेव्हा मी सदतीसची होते आणि एका कॉलेजच्या रंग-रसायन विभागात रोजंदारीवर होते.

मंजिरी बनवत होती ते पॉलिस्टर साडीतलं नव्हे. साडीतलं पॉलिस्टर म्हणजे लांबच लांब शेवई. हे फांद्या फुटलेलं. याच्या एका रेणूला तीन हात असतात, एक आम्लाचा आणि दोन अल्कोहोलचे. आम्लाचा हात शेजाऱ्याचा अल्कोहोलचा हात धरतो, धरताना पाण्याचा एक रेणू सोडतो, आणि धरणाऱ्याचे स्वतःचे दोन हात मोकळेच राहतात. ते दोन धरायला आणखी दोघं येतात, मग चार, मग आठ. मधे एक गाभा ठेवायचा आणि त्याच्याभोवती एकेक पिढी वाढवत न्यायची. पिढीच म्हणतात त्याला. मंजिरीला चौथ्या पिढीपर्यंत जायचं होतं. सुटलेलं पाणी व्हॅक्यूमच्या पंपानं ओढून काढत राहायचं, नाहीतर धरलेले हात पुन्हा सुटतात. शेवया एकमेकींत गुंततात, म्हणून सरळ साखळीचं रेझिन घट्ट होतं. हे फांद्यांचे गोळे कोरड्या साबुदाण्यासारखे एकमेकांवरून घसरतात, म्हणून रंगात घातले तर थिनर कमी लागतं. ही शेवया-साबुदाण्याची उपमा माझी. आमच्या उमेकर सरांनी, म्हणजे मंजिरीच्या गाइडनी, ती एकदा नागपूरच्या भाषणात वापरली. माझं नाव घेतलं नाही, पण मी आठवडाभर खुशीत होते.

मंजिरीचं सहावं वर्ष चालू होतं. पीएच.डी.ची नोंदणी तीस जूनला संपणार होती. चौथ्या पिढीचा एक चांगला नमुना हाती आला की तो नागपूरला एनएमआर मशीनवर पाठवायचा, फांद्या किती फुटल्या ते मोजून आणायचं, प्रबंधातला शेवटचा तक्ता भरायचा, झालं. नाही आला तर नोंदणी रद्द. दर्यापूरच्या कॉलेजानं तिच्यासाठी शिकवायची जागा धरून ठेवली होती, तीही गेली असती. आधीच्या दोन खेपा फुकट गेल्या होत्या. परदेशातून येणाऱ्या मोनोमरचा, त्या तीन हातांच्या रेणूचा, डबा तळाला लागला होता. ही खेप, आणि फार तर आणखी एक.

“ताई, नमुना देते. पाहून घ्या ना.”

तिनं काचकांडीनं चंबूतून मधासारखा थेंब उचलला, शंक्वाकृती चंबूत सोडला, वजन करून माझ्यापुढे ठेवला. इथून माझं काम. ॲसिटोनमध्ये तो विरघळवायचा, फिनॉलफ्थॅलीनचे दोन थेंब टाकायचे, आणि ब्युरेटमधून अल्कोहोलातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडायचं. मोकळे आम्लाचे हात संपले की द्रावण गुलाबी होतं. ते गुलाबी अर्धा मिनिट टिकलं पाहिजे. जितकं द्रावण गेलं त्यावरून आम्लांक. आम्लांक दहाच्या खाली आला की रेणूंनी एकमेकांना पुरतं धरलं, हीटर बंद करायचा. हा सरांचा नियम.

“चौदा पूर्णांक दोन,” मी म्हटलं.

“चौदा? अहो, पाणी यायचं तर थांबलं केव्हाचंच.”

“आत्ता तर म्हणालीस, सोडत नाही.”

“नसेलच त्याच्याकडे तर काय सोडेल?”

मी हसले. “चौदा म्हणजे चौदा. अजून दोन तास ठेव.”

तिनं ठेवलं. ठेवणारच. त्या विभागात वजनकाट्यावर शंका घेत, थर्मामीटरवर घेत, पण बाईंच्या, म्हणजे माझ्या, आकड्यावर कुणी घेत नसे.

हे कसं झालं ते सांगते. माझे यजमान त्याच विभागात प्रयोगशाळा परिचर होते. ते गेल्यावर कॉलेजनं मला काचसामान धुवायला घेतलं. मी दहावी नापास. शास्त्रात नव्हे, इंग्रजीत. दरवर्षी एप्रिलमध्ये मुलं आपली जर्नलं कोपऱ्यात टाकून जायची, ती रद्दीत घालायचं काम माझं. रद्दीत घालण्याआधी मी ती वाचायची. कृती, निरीक्षण, आकडेमोड. स्वयंपाकाच्या वहीपेक्षा सोपं होतं ते, कारण त्यात ‘अंदाजे’ आणि ‘चवीपुरतं’ नव्हतं. दोन वर्षांनी एकदा एका मुलाच्या हातातली ब्युरेट थरथरत होती, तेव्हा मी म्हटलं, “दे इकडे.” उमेकर सर दारात उभे होते. त्यांनी पाहिलं, दुसऱ्यांदा करायला लावलं, तिसऱ्यांदा करायला लावलं. तिन्ही आकडे जुळले. तेव्हापासून विभागातलं सगळं टायट्रेशन माझ्याकडे आलं. “मशीन हलेल, बाई हलणार नाहीत,” असं सर पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे माझ्याकडे बघून हसायचे, मी बेसिनकडे बघून.

दीड तासानं ढवळणीच्या मोटरचा आवाज जड झाला. आधी घरघर, मग कण्हल्यासारखं. मंजिरी धावली. चंबूतला मध एकदम गोळा झाला होता आणि ढवळणीच्या दांडीवर वर वर चढत होता.

“ताई! बंद करा, बंद करा!”

मी स्विच बंद केला. ती चंबूकडे बघत उभी राहिली. मग तिनं एक तुकडा तोडून ॲसिटोनमध्ये टाकला. भिजवलेल्या डिंकासारखा तो फुगला, पण विरघळला नाही. जेल झालं होतं. एकदा जेल झालं की ते फेकायचं, त्याला दुसरा उपाय नाही.

उमेकर सर आले. वाईट माणूस नव्हते ते. पण पुस्तकात जे होऊ शकत नाही ते टेबलावर झालं की त्यांना टेबलाचा राग यायचा.

“धांडे, पुन्हा? या मोनोमरचं जेल होऊच शकत नाही. एक आम्ल, दोन अल्कोहोल. जाळं विणलं जाणार कसं?”

“सर, फार वेळ तापवलं तर अल्कोहोलचे हात आपसातच जुळतात. मी वाचलंय.”

“मग फार वेळ तापवता कशाला?”

“आम्लांक खाली येत नाही, सर. दीड तासापूर्वी चौदा होता.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. चौदा पूर्णांक दोन.

“म्हणजे व्हॅक्यूम नीट नाही. नाहीतर तापमान नाही. काहीतरी हाताचं आहे. तुमचा हात स्वयंपाकाचा आहे धांडे, केमिस्ट्रीचा नाही.”

ते गेले. मंजिरी माझ्याकडे बघून कसनुसं हसली. “स्वयंपाक तर येतच नाही मला. आईला विचारा.”

चंबू मी फोडला. जेल झालेला चंबू धुता येत नाही. गोणपाटात गुंडाळून हातोडीनं फोडायचा. गुलाबराव काच भरायला सूप घेऊन आले. माझ्या टेबलावरची हायड्रॉक्साइडची बाटली त्यांनी उचलून उजेडात धरली.

“बाई, याच्या बुडाशी चुना कायचा बसला?”

“साका आहे तो. वरचं निवळ घ्यायचं असतं.”

“असन बा. आमच्या घरी माठात असा चुना दिसला का माय पाणी बदलते.”

“तुमच्या घरी टायट्रेशन करतात का गुलाबराव?”

“नाय बा,” म्हणाले, आणि बाटली जागेवर ठेवली.

शेवटची खेप जूनच्या अकराला लावली, शुक्रवारी. डबा खरवडून घेतला, चमच्यानं बुडाचं सुद्धा. मंजिरीनं व्हॅक्यूमच्या सगळ्या नळ्या नव्या घातल्या होत्या, थर्मामीटर बर्फात आणि उकळत्या पाण्यात तपासून घेतला होता. दुपारी दोनला तिनं नमुना काढला, पण माझ्यापुढे ठेवला नाही. हातातच धरून उभी राहिली.

“ताई, आज मी करू का टायट्रेशन?”

“का?”

“असंच. बसून बसून कंटाळा आला.”

“मंजिरी, माझ्याकडे बघून बोल.”

ती बघेना. मला काहीतरी लागलं, खोल कुठेतरी. सासरच्या माणसानं आपल्या हातचा चहा न पिता पेला बाजूला ठेवावा, तसं.

“भरवसा नाही का माझ्यावर?” मी म्हटलं. “सात वर्षं करते आहे. तू कॉलेजात यायच्या आधीपासून.”

“तसं नाही हो ताई! तसं म्हणून राहिले का मी?” तिनं घाईनं चंबू पुढे ठेवला. “घ्या. तुम्हीच करा. माझा आपला मूर्खपणा.”

मी केलं. मुद्दाम दोनदा केलं. दोन्ही वेळा तेरा पूर्णांक एक.

तिचा हात हीटरच्या बटणावर होता. आजही तो हात मला दिसतो, अंगठ्याला हळदीसारखा पिवळा डाग असलेला.

“बंद करू का?” तिनं विचारलं. “तेराला थांबले तर?”

“सर तेरा मानतील का?”

“नाही मानणार.”

“मग?”

“तुम्हाला काय वाटते, ताई? आकडा जाऊ द्या. नुसतं बघून. तुम्हाला काय वाटते?”

मी चंबूकडे बघितलं. खरं सांगायचं तर माल झालेला दिसत होता. बुडबुडे थांबले होते, रंग बसला होता, कांडीवरून तार सुटत होती. पाक झाला की बाईमाणसाला कळतं, त्याला काटा लागत नाही. पण मी आता पाकवाली बाई नव्हते. मी आकडेवाली बाई होते.

“तेरा म्हणजे तेरा,” मी म्हटलं. “ठेव तासभर.”

तिनं बटणावरचा हात काढला.

पाऊण तासात जेल झालं. स्विच तिनंच बंद केला, ॲप्रन काढून खुंटीला लावला, आणि बर्फ वितळलेली बादली उचलून बाहेर कण्हेरीच्या बुंध्याशी ओतून आली.

सोमवारी मी आले तेव्हा बेसिनवर तीन शंक्वाकृती चंबू पालथे घातलेले होते. मी पालथे घालत नाही, आडवे ठेवते. टेबलावर पांढऱ्या भुकटीची एक छोटी बाटली होती, पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट. आमच्या कपाटात ती होती, पण मी कधी उघडली नव्हती.

“गुलाबराव, कोण आलं होतं?”

“धांडेबाई. शनिवारी. अंदरून कडी लावून बसल्या होत्या दोन घंटे. निघताना डोळे लाल होते. म्या विचारलं तर म्हने, ॲसिटोन गेलं.”

तिची वही टेबलावर होती. लपवलेली नव्हती, उघडीही नव्हती. मी उघडली. शेवटच्या पानावर शनिवारची तारीख, तीन वाचनं, खाली एक ओळ. ‘हायड्रॉक्साइडची खरी ताकद: ०.०६६.’

बाटलीवर माझ्या अक्षरात ०.१ लिहिलेलं होतं.

मला समजायला वेळ लागला. समजल्यावर मात्र सगळं एकदमच समजलं. ज्या जर्नलांवरून मी शिकले त्यांत पहिल्या पानावर असायचं, ‘दिलेले द्रावण ०.१ ताकदीचे आहे.’ दिलेले. कुणी दिले, ते लिहिलेलं नसायचं. तेव्हा स्टोअरमध्ये देशकर नावाचे गृहस्थ होते. ते दर सोमवारी थॅलेट तोलून द्रावणाची खरी ताकद काढायचे आणि लेबलावर पेन्सिलीनं लिहायचे. ते निवृत्त झाले. द्रावण मी करू लागले. गोळ्या तोलायच्या, अल्कोहोलात विरघळवायच्या, वर ०.१ लिहायचं. त्या गोळ्या हवेतलं पाणी पितात, ते द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड खातं, बुडाशी पांढरं बसतं आणि रोज थोडं थोडं अशक्त होत जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. जे माहीतच नाही ते विचारणार कसं? जुन्या रंगाच्या रेझिनांना, आणि मंजिरीच्या पहिल्या तीन पिढ्यांनाही, चार-पाच आकड्यांचा फरक कळायचा नाही, म्हणून इतकी वर्षं खपून गेलं.

मी तिथंच वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर नखानं हिशेब केला. चौदा पूर्णांक दोन म्हणजे खरे नऊ पूर्णांक चार. तेरा पूर्णांक एक म्हणजे खरे आठ पूर्णांक सहा.

दोन्ही खेपा माझ्यापुढे आल्या तेव्हा तयार होत्या. दोन्ही मी जाळायला लावल्या.

मी वही मिटली. होती तशीच ठेवली, कोपरा कोपऱ्याला लावून. मग बेसिनवरचे तीन चंबू आडवे केले.

मंजिरी दुपारी आली. म्हणाली, “ताई, जेवल्या का?” मी म्हटलं, “हो.” ती म्हणाली, “पाऊस लांबला ना यंदा.” मी म्हटलं, “लांबला.” पुढचे आठ दिवस आम्ही पावसावर इतकं बोललो की वेधशाळेनं आम्हाला नोकरी दिली असती.

एकवीस जूनला मंजिरीचं सादरीकरण होतं, नोंदणीची मुदत वाढवायची की नाही ते ठरवायला. सकाळी सर आले, माझ्या टेबलाशी थांबले. बाटली बघितली. तिच्या बुडाचं पांढरं बघितलं. मी बघते आहे हे त्यांनी बघितलं.

“बाई, ही ओतून टाका. नवी करा.”

“बरं, सर.”

“आणि तुमची कायम करायची फाइल वर गेली आहे. प्राचार्यांची सही राहिली आहे फक्त. या महिन्यात काही गडबड नको.”

“बरं, सर.”

ते दोन पावलं गेले, वळले. मग घड्याळ बघून गेले.

मी बाटली ओतली. बुडाचं निघेना, ब्रश घालावा लागला. गुलाबराव दारात उभे राहून बघत होते.

सादरीकरणाला नागपूरहून परीक्षक म्हणून डॉ. खानझोडे मॅडम आल्या होत्या. बारीक, पांढऱ्या केसांच्या, प्रश्न विचारताना मान तिरकी करायच्या. मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले तेव्हा मंजिरी फळ्यापुढे उभी होती. पहिल्या तीन पिढ्यांचं सगळं छान झालं होतं. फांद्यांचं प्रमाण, चिकटपणा, सगळे आलेख. आता चौथी.

“पाचही खेपा जेल?” मॅडमनी विचारलं.

“चार, मॅडम.”

“थांबायचं केव्हा, हे कशावरून ठरवत होतात?”

“आम्लांकावरून.”

“टायट्रेशन तुम्ही करत होतात?”

मंजिरी थांबली. खडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मी मॅडमपुढे कप ठेवत होते. बशी वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली होती.

“विभागात होतं, मॅडम,” ती म्हणाली.

“हायड्रॉक्साइडची ताकद दरवेळी तपासली होती? मला शंका त्याचीच येते आहे. आलेखात तुमचं पाणी केव्हाच थांबलंय आणि आम्लांक वरच. हे पटत नाही. त्याची नोंद आहे?”

ती पुन्हा थांबली. या वेळी जास्त. उमेकर सर कागद चाळत होते. मी सरांपुढे कप ठेवला, मग माझ्याजवळ ठेवायला कप उरले नाहीत. रिकामा ट्रे छातीशी धरून मी उभी राहिले. बाहेर जायचं ते विसरले.

“बाळा, मी तुम्हाला पकडून राहिले नाही,” मॅडम म्हणाल्या. “द्रावण दुसऱ्या कुणी केलं असेल, त्यात चूक असेल, तर तसं लेखी द्या. त्या आधारावर सहा महिन्यांची मुदतवाढ मी स्वतः मागते. पण कुणीतरी सांगायला पाहिजे.”

सरांनी एक कागद उलटला.

“नोंद नाही, मॅडम,” मंजिरी म्हणाली. “तपासायला पाहिजे होतं. माझी चूक आहे.”

मी ट्रे घेऊन बाहेर आले.

तासाभरानं निर्णय झाला. मुदतवाढीला कारण नाही, नोंदणी संपू द्यावी. पुढे ऑगस्टमध्ये मी कायम झाले. विभागात पेढे वाटले, सरांना दोन दिले. दुसरा पेढा त्यांनी कागदात गुंडाळून खिशात ठेवला. माझ्यासमोर खाववला नसेल. दर सोमवारी थॅलेट तोलून ताकद काढायचं मी तेव्हापासून एकदाही चुकवलेलं नाही. नवीन मुलं म्हणतात, बाई किती काटेकोर.

पण ते नंतरचं. त्या दिवशी पाच वाजता मंजिरी आपलं सामान पिशवीत भरून निघाली. मी फाटकापर्यंत तिच्या मागोमाग गेले. दर्यापूरची एसटी फाटकासमोरच थांबायची. गुलाबराव कूलरचा पंप हातात घेऊन पुढे चालले होते. ते स्टॉपवर जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

“नशीब म्हणायचं,” मी म्हटलं.

तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“दर्यापूरला पुन्हा जागा निघेल. तू हुशार आहेस.”

“हो.”

“सरांशी मी बोलून बघू का?” हे मी अशा आवाजात विचारलं की समोरच्यानं नकोच म्हणावं. आपला आवाज आपल्याला कळतो.

“सरांना माहीत आहे, ताई.”

“काय?”

“परवा शनिवारी मी त्यांच्या घरी गेले होते. वही घेऊन. सर म्हणाले, विद्यार्थ्यानं द्रावण स्वतः तपासायचं असतं, दुसऱ्यावर खापर फोडू नका. खरं आहे ते. सहा वर्षांत मी एकदाही तपासलं नाही. तुमचा आकडा म्हणून.”

रस्त्यावर धूळ उठली. लांबून एसटी दिसली.

“मग आज तू म्हणायला हवं होतंस. मॅडम विचारत होत्या,” मी म्हटलं. माझ्या आवाजाला राग होता. तो कुठून आला, देव जाणे. “दोनदा विचारलं त्यांनी. तू का नाही बोललीस?”

मंजिरीनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

“मी दोन्ही वेळा थांबले होते, ताई,” ती म्हणाली. “तुम्ही ट्रे घेऊन तिथंच उभ्या होत्या. मला वाटलं, तुम्ही म्हणाल.”

एसटी येऊन थांबली. गुलाबरावांनी पंप आत सरकवला. कंडक्टर म्हणाला, चला ताई, चढायचं असेल तर चढा. ती पायरीवर चढली, पण आत गेली नाही. दांडा धरून तिथंच उभी राहिली. गुलाबराव बाजूला झाले. कंडक्टरनं दोरीला हात घातला. कुणी घाई करत नव्हतं, असं मला आठवतं, पण तसं नसेल, एसटी कुणासाठी थांबत नाही.

“मंजिरी,” मी म्हटलं, “आकडा माझा चुकला होता.”